तू गूळ खाल्ला होता

बेलखेडी तांडा, महागावाजवळ, ता. पुसद
९ जून १९६१

कमलाकर,

नमस्कार लिहून राह्यलो नाही. हात उठत नाही त्याच्यासाठी.

काल तुमच्या विमान कंपनीचा कागद आला. पोस्टमन सायकल लोटत तांड्यात शिरला तं अर्धा तांडा त्याच्या मांगं. त्यायले वाटलं मुंबईचं बोलावणं आलं. तांड्याचा नायक हरिसिंग तं खाटेवरून उठून आला. मी लिफाफा फोडला. दीड ओळ इंग्रजी. आपण निवडीस पात्र ठरला नाहीत, आभारी आहोत. कायचे आभार? मी काय त्यायले सीताफळं पाठवली होती? सगळे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले आणि मले ते मराठीत सांगा लागलं. मंग माह्या बाले कमी ऐकू येते म्हून अजून एकदा, मोठ्यानं.

आता तू म्हणशीन, फुल्या, माणूस नापास होतच असते. होते ना. त्याचाही राग आहे मले, खोटं कायले बोलू. पण पहिला राग गुळाचा आहे.

तू शाळेच्या सुट्ट्या आमच्या तांड्यात काढल्या. यवतमाळच्या वकिलाचा पोट्टा म्हून याडी, माह्यी माय, तुले येगळं ताट वाढायची आणि तू माह्याच ताटात हात घालायचा. माह्या बहिणीची, बिजलीची सोयरीक झाली तवा तू अंगणात बसला होता. पोराच्या बापानं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि आमचा बा म्हणाला, "गोळ खादो, वात पक्की." तू मले कोपर मारून विचारलं, म्हणजे काय बे? मी सांगतलं, गूळ खाल्ला म्हणजे शब्द देल्ला. मनात नसन तं गुळाले हात लावाचा नाही, पाणी पिऊन उठून जाचं, कोणी वाईट मानत नाही. पण खाऊन फिरला तं अख्खा तांडा त्याच्या दारात जाऊन बसते. तुले ते इतकं आवडलं होतं का पुढं हवाई दलाच्या शाळेत सुद्धा माह्याकडून काही कबूल करून घ्याचं असलं तं तू मेसमधून गूळ मागवायचा.

आता सांताक्रूझचा दिवस आठव. सरकारनं माह्ये हवाई दलातले सगळे तास धरले, कायद्याचे आणि हवामानाचे पेपर मी पास झालो, हातात लायसन होतं. राह्यली होती फक्त तुमच्या कंपनीची डकोटावरची चाचणी, आणि घेणारा तू. डाव्या सीटवर मी, उजव्या सीटवर तू. चाकं जमिनीवरून उठली न उठली तं तू डाव्या इंजिनाचा दांडा ओढून ते बंद पाडलं. मी विमान हलू देल्लं का? चाकं वर घेतली, मेलेल्या इंजिनाचा पंखा थांबवला, एका इंजिनावर चक्कर मारली आणि खाली ठेवलं, पाळण्यात लेकरू ठेवावं तसं. तू उतरताना म्हणाला, हात चांगला आहे तुझा.

मंग कॅन्टीन. चहा. माह्या बायकोनं, रामीनं रुमालात बांधून देल्लेला गूळ मी टेबलावर ठेवला. मी काही बोललो नाही. बोलाची गरजच काय, तुले सगळं माहीत. तू रुमालाकडं पाह्यलं, खडा उचलला, खाल्ला, वरून चहाचा घोट घेतला. रामी कशी आहे, बाचे गुडघे कसे आहेत, विचारलं. आणि म्हणाला, कळवतील.

मी गाडीत बसलो तो नोकरी लागल्यावानीच. घरी येऊन सांगतलं, कमलाकरनं गूळ खाल्ला. बानं पुढचं ऐकलंच नाही. सेवालाल महाराजाले भोग लावला, बोकड कापला, नंगारा वाजला, महागावचे मास्तर आणि पुसदचे अडते जेवून गेले. हरिसिंग नायकानं सगळ्यायसमोर माह्या डोक्याले पागोटं बांधलं. ते आता खुंटीले टांगलेलं आहे. मले त्याच्याखालून जेवाले जा लागते.

तुमची कंपनी तिशीच्या वरचा नवा माणूस घेत नाही. माह्याजवळ किती वेळ राह्यला ते तुले माहीत आहे, आपण एकाच वर्गात होतो. तुले नापासच लिहाचं होतं तं लिहाचं होतं. तो खडा खाली ठेवाचा होता.

फुलसिंग


बेलखेडी तांडा
२ जुलै १९६१

कमलाकर,

तुह्यं पत्र भेटलं. चांगले चार पानं लिहिले. चाचणीच्या दिवशी यातलं एक पान तोंडानं बोलला असता तं तुह्यी शाई वाचली असती.

तू म्हणते, सरकार तास मोजते आणि कंपनी तास पाह्यते. लढाऊ विमानाचे तास म्हणजे एकट्याचे तास. डकोटाच्या स्क्वाड्रनमधून आलेला माणूस सरळ येऊन सीटवर बसते, कारण तो दुसऱ्यासोबत उडालेला असते. आणि तू म्हणते, इंजिन गेल्यावर मी तोंडातून एक शब्द काढला नाही. मी तुले हुकूम द्याले पाह्यजे होता का चाकं वर घे, पंखा थांबव. तू हात मांडीवर ठेवून वाट पाहून राह्यला होता आणि मी सगळं आपल्याच हातानं करून टाकलं. उद्या मांगं बसलेले वीस-पंचवीस लोक असतीन आणि मले चक्कर आली तं उजव्या सीटवरच्याले माहीतच नसन का कुठपर्यंत काय झालं.

अरे पण माह्या लढाऊ तुफानीत उजवी सीट असते कुठं? एक माणूस, एक इंजिन. मी बोलू कोणासंग, ढगासंग? सरकारनं मले वर्षानुवर्ष एकट्यानं उडाले शिकवलं, एकट्यानं मराले शिकवलं, आणि आता तुम्ही विचारता, सोबत कोण होतं!

आठवते का, आपल्याले विमानं वाटली तो दिवस? पहिले आले त्यायले लढाऊ, बाकीच्यायले सामानाची. तुह्यं नाव डकोटाच्या यादीत लागलं तं तू बॅरेकच्या मांगं जाऊन रडला. मी तुले म्हटलं, रडू नको बे, बैलगाडी हाकाले बी माणूस लागते. आपण दोघं हसलो. आता ती बैलगाडीच बादशाही झाली आणि माह्या घोड्याले कोणी चारा घालत नाही.

बाले मी तुह्या पत्रातलं सांगतलं. म्हटलं, कंपनी म्हणते तुमच्या पोरानं कधी ओझं वाह्यलं नाही. म्हातारा इतका हसला का त्याले ठसका लागला. आमचे आजे-पणजे बैलायच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले, लदेणी हाच आमचा धंदा, आणि त्या घरचा पोट्टा ओझ्यासाठी नापास! मले हसू आलं नाही.

मी मुका उडवतो, हे तुह्यं म्हणणं मी ऐकून घेतलं. मंग तू काय केलं? पंखे थांबले होते, आपण दोघंच होतो. फुल्या, जमलं नाही, या कारणानं जमलं नाही, इतकं बोलाले तुह्या तोंडाले कोणी कुलूप लावलं होतं? तू लिहिते का निकाल ऑफिसनंच सांगाचा असा नियम आहे. बरं. गूळ खायाचाही नियम होता का?

वरून लिहिते का तू खडा घेतला तो जुन्या सवयीनं, प्रेमानं. तसं नको बोलू. त्यानं अजून राग येते.

फुलसिंग


पुसद
२१ जानेवारी १९६२

कमलाकर,

तुले लिहाचं नव्हतं. रजनीवहिनीनं रामीले पत्र पाठवलं, त्यात विचारलं का भावजी काय करून राह्यले. वहिनीले सांग, भावजी ट्रक हाकून राह्यले. माह्या काकाचा पोरगा गुलाबसिंग, त्याचा ट्रक आहे. महागावचा कापूस पुसदच्या जिनिंगले आणतो. तुफानीचा पायलट कापसाच्या बोऱ्यायवर बसून भाकर खाते. लोक दुरून बोट दाखवते, तो पाह्य, इमानवाला. काही तं तोंडावर विचारते, काहून साहेब, इमान कुठं ठेवलं?

जोड-इंजिनाचे तास कर, फ्लाइंग क्लबात जा, असं तू रजनीवहिनीच्या हातून कळवलं. हो ना. पुसदच्या बाजारात तोलून भेटते ते, पावशेर घेऊन येतो.

एक गोष्ट झाली ती सांगतो. कायले सांगतो ते मले माहीत नाही.

परवा जिनिंगच्या आवारात ट्रक मांगं घेऊन राह्यलो होतो. दोन्हीकडं गाड्यायची रांग, मांगं उतार. बोऱ्यायपायी मले मांगचं काहीच दिसत नाही. गुलाबसिंग मांगं उभा राहून रोजच्यासारखा ओरडून राह्यला, आन दे, आन दे, आन दे. आणि एकाएकी चूप झाला. कमलाकर, मी पाय ब्रेकवर असा दाबला का चार बोऱ्या खाली आल्या. मले वाटलं पोट्टा चाकाखाली गेला. उतरून पळत गेलो तं हा बाबा भिंतीच्या आडोशाले विडी पेटवून राह्यला होता. वारा होता म्हणे.

मी त्याची कॉलर धरली. आवारातली सगळी माणसं पाहून राह्यली. मी ओरडलो, "बोलत काहून नाही बे? मांगचं मले दिसते का? तू चूप झाला तं मी काय समजाचं?"

बोलून झाल्यावर मीच उभा राह्यलो तसाच, त्याची कॉलर हातात. त्याले वाटलं मी मारतो आता. मी मारलं नाही. बोऱ्या उचलल्या आणि ट्रक लावला.

तू जिंकला असं समजू नको. तुह्यी गोष्ट खरी असन तरी तुह्यं वागणं खोटं होतं, आणि मी ते दोन येगळे ठेवतो.

फुलसिंग


बेलखेडी तांडा
१८ डिसेंबर १९६२

कमलाकर,

रजनीवहिनीचं पत्र आलं. तुह्या कानाचं त्यात वाचलं.

लढाई लागली तवा मी महागावच्या पोस्टात रोज जाऊन बसायचो. हवाई दलाच्या राखीव यादीत माह्यं नाव आहे. मले वाटलं, आता तार येईन. चीनवाले पहाड उतरून येऊन राह्यले, आता तरी कोणाले लढाऊ पायलट लागन. तार आलीच नाही. लढाऊ विमानं उडवलीच नाहीत आपण. उडाले कोण? डकोटा. बैलगाड्या. तुमच्या कंपनीच्या डकोटा आसामात गेल्या, डोंगरायच्या फटीतून शिरून पोते टाकाले, तांदूळ, मीठ, जोडे. आणि त्यात तू. वहिनीनं लिहिलं का सर्दी होती तरी तू एकामागून एक चकरा मारल्या, वर जाणं आणि खाली येणं, आणि कानाचे पडदे गेले. आता तू ऑफिसात बसणार, जमिनीवर.

मले तुह्यावर रागवाचं होतं, अजून लय उरलं होतं, आणि तू बहिरा होऊन बसला. आता मी ओरडू कोणावर? लदेणी तू केली आणि खुंट्याले मी बांधलेला राह्यलो. हे बाले सांगतलं तं तो या वेळी हसला नाही.

दुसरी बातमी. तुमची माणसं आसामात अडकली म्हून कंपनीले इकडं पायलट कमी पडले. मले बोलावलं, तिशीले महिना बाकी असताना. जे माह्या तासायनं झालं नाही ते दुसऱ्याच्या लढाईनं केलं. रामी म्हणाली, जाऊ नका, ज्यानं दारातून हाकललं त्याच्याकडं परत कायले जाता? मी म्हटलं, हाकलणाऱ्याले दाखवाले.

चाचणीले दुसरा तपासनीस होता, मद्रासकडचा. त्यानं इंजिन ओढलं आणि मी जे तोंड उघडलं ते विमान थांबेपर्यंत बंद केलं नाही. डावं गेलं. चाकं वर घ्या. पंखा थांबवा, थांबला का, पाहून सांगा. मधात मधात तुह्यं नाव घेऊन आमच्या गोरबोलीत शिव्याही देल्ल्या, त्याले वाटलं तेही कामाचंच आहे. उतरल्यावर तो म्हणाला, मिस्टर राठोड, थोडं कमी बोललं तरी चालेल. पास केलं.

बानं या वेळी बोकड दावणीलेच ठेवला. म्हणाला, आधी उडून ये. पागोटंही खुंटीवरच आहे.

एकोणतीस तारखेले रुजू होतो. उजव्या सीटवर, सगळ्यात खालचा. तू रिकाम्या केलेल्या जागेवर माणसं सरकली आणि शेवटी मले जागा झाली, हे मले समजते. त्याच्यासाठी मी तुले आभार लिहिणार नाही. कान सांभाळ.

फुलसिंग


बेलखेडी तांडा
मार्च १९६९, होळीची सुट्टी

कमलाकर,

बाहेर लेंगीची गाणी चालू आहेत, बाया-माणसं नाचून राह्यली, आणि मी घरात बसून तुले लिहून राह्यलो. रामी दोनदा बोलावून गेली. तिले म्हटलं, हे झाल्याशिवाय मले रंग लागणार नाही.

मी आता तपासनीस आहे, आणि तुह्या भावाची चाचणी मी घेतली, हे तुले कळलंच असन.

श्रीकृष्ण तुह्याहून उंच झाला. आपण शिकून राह्यलो होतो तवा चड्डीत फिरायचा. पासष्टच्या लढाईत तो उडाला, मी नाही उडालो, मले त्याचा हेवा वाटला, सांगून टाकतो. हवाई दल सोडलं, लायसन काढलं, आणि आता डकोटाच्या डाव्या सीटवर तो, उजव्या सीटवर मी. चाकं उठली आणि मी डावं इंजिन ओढलं.

कमलाकर, असे हात मी अजून पाह्यले नाहीत. माह्येही नव्हते. विमान केसभर हललं नाही. आणि तोंड बंद. मी हात मांडीवर ठेवले. मनात म्हणून राह्यलो, बोल रे पोट्ट्या, आता बोल, एक शब्द तं काढ. त्यानं माह्याकडं पाह्यलंही नाही, वाकून चाकाचा दांडा आपणच ओढला. मले त्या वेळी सांताक्रूझचं सगळं आठवलं, फक्त या वेळी मी तुह्या जागेवर होतो.

उतरलो. पंखे अजून फिरून राह्यले होते तं त्यानं पिशवीतून रुमाल काढला. दादानं तुमच्यासाठी दिलं आहे, म्हणाला. मी गाठ सोडली. गूळ.

डोकं फिरलं माह्यं. त्या पोराले काही माहीत नाही, त्याले वाटलं यवतमाळची भेट आहे. पण तुले माहीत होतं. तू बिजलीच्या सोयरिकीले अंगणात होता, तू आमच्या रीतीवर भाळला होता, आणि तू ती रीत मोडली होती. आता तसाच रुमालात बांधून तू माह्या तोंडात माह्याच रीतीचा बोळा घालाले निघाला! शब्द फुकटात घ्याले? कोणत्या तोंडानं पाठवला तू हा गूळ, कमलाकर? आठ वर्षात तुले एक कार्ड टाकणं झालं नाही का तवा चुकलं.

मी रुमाल दोन सीटांच्या मधात ठेवला. खाल्ला नाही. निकाल ऑफिसनंच सांगाचा हा तुमचा नियम अजून जसाच्या तसा आहे, आणि मी तो मोडला, आणि त्याच्यासाठी मले वरून ठपक्याचा कागदही आला.

मी म्हटलं, "श्रीकृष्ण, तू नापास आहे. हात तुह्ये माह्याहून चांगले आहेत. पण इथं तू एकटाच उडून राह्यला होता. मी या सीटवर मेलो असतो तरी तुले पत्ता लागला नसता."

पोट्ट्याचं तोंड उतरलं. मंग लाल झालं. दादा तर म्हणाला होता तुम्ही घरच्यासारखे आहात, असं म्हणाला. मी म्हटलं, म्हूनच तुह्या तोंडावर सांगून राह्यलो. मंग त्यानं जे ऐकवलं मले! लढाईत उडालेल्या माणसाले तोंडाच्या वाफेसाठी नापास करता, तुम्ही कधी गोळी खाल्ली का, तुम्हाले काय समजते. चांगल्या यवतमाळच्या शिव्या देल्ल्या. मी बसून ऐकलं. ऊन चढून विमान तव्यासारखं तापलं तरी आम्ही दोघं तिथंच. शेवटी तो थकला. मी म्हटलं, हे पाह्य, आता बोलून राह्यला ना, असंच वर बोलाचं. त्याले हसू आलं, मले नाही वाटत का येऊ द्याचं होतं त्याच्या मनात.

त्याच्या तिशीले अजून दोन पावसाळे आहेत. मी ऑफिसात लिहून देल्लं का या माणसाले शिकाऊ म्हून पावसाळाभर माह्याच उजव्या सीटवर द्या, त्यानंतर चाचणी दुसऱ्यानं घ्यावी, मी घेणार नाही. ऑफिसनं अजून हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. हे त्याले तिथंच सांगतलं, जितकं पक्कं तितकंच.

हे सगळं बोलून झाल्यावर मी रुमाल उचलला. एक खडा त्याले देल्ला, एक मी खाल्ला. त्याले वाटलं माह्या तोंडाले कोरड पडली. तुले समजन का मी काय केलं. त्याले शिकवाचा शब्द आता माह्यावर आहे, आणि मी तो फिरवणार नाही.

बा मांगल्या साली गेला. शेवटपर्यंत विचारायचा, वकिलाचा पोट्टा काहून येत नाही तांड्यात? मी म्हणायचो, त्याले ऐकू येत नाही. तुले बोलता येते हे मी त्याले सांगतलं नाही.

उरलेला गूळ या पत्रासंग परत पाठवून राह्यलो. रुमाल तू पाठवलेलाच आहे. रजनीवहिनीले एक खडा दे, पोरायले दे. तू मात्र हात लावू नको. आधी जे बोलाचं राह्यलं ते मले लिही, एक ओळ असली तरी चालन, मंग खा.

फुलसिंग